उसाचा हंगाम आणि शाळेतील संगीत नाटक

(बीड जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षकांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळकरी मुलांना संगीत नाटकाची ओळख करून द्यावी आणि त्यासाठी व्यावसायिक कलावंतांचे साह्य घ्यावे, असा विचार आपल्यापैकी काही जण करीत आहेत. त्या विचाराला माझा पाठिंबा आहे. मात्र त्याआधी एका जुन्या प्रसंगाची कबुली देणे मला भाग आहे, कारण त्यात मीही दोषी होतो.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका शाळेत असाच कार्यक्रम झाला. बाहेरगावची मंडळी आली, ऑर्गन आला, 'सौभद्रा'तील काही प्रवेश झाले. तारीख ठरविणाऱ्यांत मी होतो. कलावंतांची सोय आणि हवामान पाहून आम्ही जानेवारी महिना निवडला. पडदा वर गेला आणि माझ्या ध्यानात आले की आठवीच्या रांगा निम्म्या रिकाम्या आहेत. ती मुले आईबापांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडावर होती. कोणी वाढे गोळा करीत असेल, कोणी कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळीत असेल. शिक्षकांनी रिकाम्या जागी दुसऱ्या वर्गांची मुले आणून बसविली आणि छायाचित्र उत्तम आले. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला गळीत हंगाम केव्हा असतो हे ठाऊक नव्हते असे नाही. नाटकाची तारीख ठरविताना ते आठवले नाही, इतकेच. असल्या विस्मरणालाही वर्ग असतो.

आता मूळ विषयाकडे वळतो. युरोपात ज्याला ऑपेरा म्हणतात तो गाऊन सांगितलेला नाट्यप्रकार इ. स. १६००च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या उमरावांच्या आश्रयाने जन्मला. तिकीट काढून कोणालाही आत जाता येईल असे पहिले ऑपेरागृह व्हेनिसमध्ये १६३७ साली उघडले. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. पारशी मंडळींचा ऑपेरा पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे नाट्येतिहासकार सांगतात. त्यांनी सांगाडा बाहेरून घेतला असेल, पण चाली घेतल्या त्या साकी, दिंडी, ओवी आणि कीर्तनातल्या. उसने घ्यावे तर असे घ्यावे.

याहून मला जवळची वाटते ती दुसरी वंशावळ. १७२८ साली लंडनमध्ये जॉन गे याने 'बेगर्स ऑपेरा' लिहिला. दरबारी ऑपेऱ्यात देव आणि राजे गात असत. याने चोर, वेश्या आणि तुरुंगाधिकारी यांना गायला लावले, तेही रस्त्यावरच्या चालींत. बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ साली, बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी त्याचा 'थ्री पेनी ऑपेरा' केला. पु. ल. देशपांड्यांनी त्याला मराठी रूप दिले आणि १९७८ साली जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली 'तीन पैशाचा तमाशा' उभा राहिला. मी तेव्हा एम. ए.चा विद्यार्थी होतो. भांडवलाविषयी वर्गात जे महिनोन्‌महिने डोक्यात शिरत नव्हते, ते त्या रात्री गाण्यांतून शिरले. (आमच्या प्राध्यापकांना मी हे कधी सांगितले नाही.) ऑपेऱ्याचे मराठी नाव 'तमाशा' होऊ शकते, एवढे तरी आपण मुलांना सांगावे.

ही मुले कोऱ्या कानांनी येतात असे समजू नका. गोंधळी संबळाच्या ठेक्यावर रात्रभर आख्यान लावतो, वाघ्या-मुरळी जागरणात खंडोबाची कथा गातात, सप्ताहात कीर्तनकार एकटाच चार पात्रे उभी करतो. गाऊन सांगितलेली गोष्ट या मुलांच्या अंगवळणी आहे. ध्वनिक्षेपकाशिवाय वाद्यवृंदावरून आवाज पलीकडे पोचविणे हे ऑपेरा गायकाचे कसब. तेच पिढ्यान्‌पिढ्या शाहिरांनी उघड्या माळावर केले. तेव्हा येणाऱ्या कलावंतांनी शिकवावे आणि शिकावेही. मुलांनी ऑर्गनचा भाता पायाने चालवून पाहावा, पद बसवावे, एखादा प्रवेश स्वतः करावा. दोन तासांच्या प्रयोगाने ओळख होत नाही, नुसते दर्शन होते.

एक सूचना अशी आली आहे की निवडक वीस हुशार मुलांना मुंबईस न्यावे आणि रॉयल ऑपेरा हाऊस दाखवावे. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेली, १९९३ साली बंद पडलेली आणि २०१६ साली पुन्हा उघडलेली ती वास्तू देखणी आहे, यात वाद नाही. पण 'निवडक' या शब्दाशी माझे भांडण आहे. ही निवड मार्कांवर होईल, मार्क हजेरीवर अवलंबून आणि हजेरी मुकादमाच्या उचलीवर.

खर्चाचे काय? बाउमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की गिरणीत दर कामगारामागे उत्पादन वाढत जाते, पण चौघांनी वाजवायची रचना वाजवायला आजही चौघेच लागतात आणि वेळही तेवढाच लागतो. १८८२ साली 'सौभद्र' उभे करायला जितकी माणसे लागली, जवळजवळ तितकीच आज लागतात. म्हणून कला बाजारावर सोपविली की ती महाग होत जाते आणि शेवटी मूठभरांची होते. ऊसतोडणीही अद्याप बहुतांशी हातांनीच होते. तिथे मात्र साखरेचे भाव वाढले तरी हात स्वस्तच राहतात. दोन्ही हातांचेच श्रम, पण सौदा करण्याची ताकद निराळी.

कोणी म्हणेल, ज्या जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या हजारो स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ साली शासकीय पाहणीत उघड झाले, तिथे नाट्यसंगीत कसले? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. मुलांना मागे राहता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे हवीत, संत भगवान बाबांच्या नावाने २०२१ साली मंजूर झालेली वसतिगृहे प्रत्येक तालुक्यात पुरेशी आणि नीट चालली पाहिजेत. त्यासाठीचा लढा आधी. परंतु 'आधी भाकरी, मग गाणे' हा क्रम नेहमी ज्यांना दोन्ही मिळते तेच लावून देतात. फडावरच्या बाईने ओवी म्हणायला कोणाची परवानगी मागितली नव्हती.

मार्ग कठीण नाही. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात, चैत्र-वैशाखातल्या जत्रा संपल्या की थांबतात. पावसाळ्यात ढोलकीवाले, पेटीवाले, गायिका घरी बसून कर्ज काढतात. कोयतेही साधारण दसरा-दिवाळीला निघतात आणि उन्हाळ्यात परततात. म्हणजे जुलै ते सप्टेंबर या काळात आपली मुले गावात असतात आणि वाजविणारे हातही रिकामे असतात. बाहेरून संगीत नाटकाचे एक-दोन जाणते कलावंत बोलवावेत, साथीला इथलेच फडकरी घ्यावेत, दोघांनाही रोजाचा चोख मोबदला द्यावा आणि पंधरा दिवस त्यांनी शाळेत राहून काम करावे. मानधनाऐवजी शाल-श्रीफळ चालणार नाही. पावसाची भीती कोणी घालू नये. आपल्या जिल्ह्यात त्याने एवढी नियमित हजेरी लावली असती तर कोयते निघालेच नसते.

शाळा जूनच्या मध्यास उघडतात. तोवर मंडळींच्या तारखा भरून जातात, म्हणून पत्रे फेब्रुवारीतच गेली पाहिजेत. मसुदा मी लिहून आणला आहे. त्यात तारखेची जागा मोकळी ठेवलेली नाही. ती तेवढी कोणी बदलू नये. वाचून पाहावा आणि सह्या कराव्यात.