काजूबीवरचा कर आणि त्याचा परतावा



निर्यातदाराला आयात शुल्क परत मिळतं, त्याचा परिणाम काय, हा आजचा विषय. ऐकायला रुक्ष आहे. पण मालवणात बसून तो समजायला काजू पुरतो.

आपली बी उन्हाळ्यात येते आणि पावसाआधी संपते. कारखान्याला ती वर्षभर लागते. देशातलं पीक सगळ्या कारखान्यांना पुरत नाही, म्हणून आयव्हरी कोस्ट, घाना इथून बी येते. 2016 च्या अर्थसंकल्पात या बीवर 5 टक्के सीमाशुल्क लागलं. कारखानदारांनी ओरड केली, 2018 मध्ये ते अडीच टक्क्यांवर आलं.

हिशेब करू. समजा, बी 120 रुपये किलो. साधारण चार किलो बीतून एक किलो गर निघतो. म्हणजे 480 रुपयांची बी आणि शुल्क 12 रुपये. हा गर दुबईला पाठवायचा, तर समोर व्हिएतनामवाला उभा, तोही आफ्रिकेचीच बी फोडतो. गिऱ्हाईक म्हणणार, तुमच्या सरकारचा कर मी का भरू? म्हणून 1962 च्या सीमाशुल्क कायद्यात कलम 75 आहे. माल बाहेर गेला की कच्च्या मालावरचं शुल्क परत. धंद्यात याला 'ड्रॉबॅक' म्हणतात. भरलं तेवढंच परत दिलं, तर जागतिक व्यापार संघटना त्याला अनुदान मानत नाही. जास्त दिलं तर मानते.

आता बागायतदाराचा प्रश्न. माझे मामू म्हणतात, "शुल्क आमच्या बीला भाव मिळावा म्हणून ना? मग ते परत कशाला देता?" प्रश्न खरा आहे. पण निर्यातदाराचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. परतावा बंद केला म्हणून तो मामूंची बी चढ्या भावाने घेणार नाही. तो कारखाना बंद करेल, आणि सोलणाऱ्या बायका घरी बसतील. मामूंना आधार मिळतो तो देशात विकल्या जाणाऱ्या गरामुळे, कारण त्या आयात बीवर शुल्क परत मिळत नाही. आणि भारतात काजू खाणारे काही थोडे नाहीत.

खरी मेख परतावा मोजण्यात आहे. एक पद्धत, सगळ्या उद्योगाची सरासरी काढून ठरवलेला दर. त्यात प्रत्येक कारखान्याने किती शुल्क भरलं हे वेगळं तपासत नाहीत. दुसरी, स्वतःच्या कागदांवरून स्वतःचा दर मागायचा. सरासरीचा दर असेल तर इथली बी जास्त वापरणाऱ्याचं नुकसान होत नाही. प्रत्यक्ष भरलेल्या शुल्कावर मोजलं, तर निर्यातदाराचा ओढा परदेशी बीकडे जातो, कारण तिचंच शुल्क परत मिळणार. मला स्वतःला सरासरीची पद्धत इथल्या बागांसाठी बरी वाटते, जरी हिशेबाला ती ढोबळ असली तरी.

राहिला घरगुती युनिटवाला. तो बाजारपेठेत पर्यटकांना पाव किलोची पाकिटं विकतो. त्याने आयात बी व्यापाऱ्याकडून घेतली तर शुल्क भावातच आलेलं असतं, आणि निर्यात नाही म्हणून परतावा नाही. मोठा कारखाना तर आगाऊ परवाना काढून शुल्क न भरताच बी आणू शकतो, बदल्यात ठरलेली निर्यात करावी लागते. लहान माणूस निर्यातीत उतरला, तरी आधी पैसे अडकवून मग परताव्याची वाट बघणार. व्याज त्याचंच.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं युनिट असेल, तर शेवटच्या खरेदीचं बिल घेऊन पुढे या. त्यात हे 12 रुपये कुठे लपलेत ते आपण आत्ताच शोधू.