आंखूड हमरस्ता आणि लांबलचक फाटा

मराठींत ‘फाटा’ हा शब्द दोन अर्थांनीं वापरला जातो. मुख्य सडकेपासून फुटून निघालेला रस्ता तो फाटा, आणि ज्या ठिकाणीं तो फुटतो ती जागाहि फाटाच. यवतमाळ जिल्ह्यांतील प्रवाशाला हा अर्थ समजावून द्यावा लागत नाहीं. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या गाडींतून तो करंजीला उतरतो आणि मारेगांव-वणीकडची गाडी पकडतो. मुख्य सडक कोणती आणि तिची शाखा कोणती, याविषयीं त्याच्या मनांत कधीं शंका येत नाहीं. परंतु हाच भेद शब्दांत मांडावयास कोणी सांगितलें, तर जाणत्या मनुष्यालाहि क्षणभर थांबावें लागेल. हमरस्ता अगदींच आंखूड असला आणि फाटा फार लांब असला, तर पहिल्याला हमरस्ता व दुसऱ्याला फाटा कां म्हणावयाचें?

हा वाद केवळ शब्दांचा नाहीं. एखादा मार्ग स्वतंत्र मानला, म्हणजे त्याच्या वाटेवरील गांवांचा विचार करावा लागतो. तोच मार्ग फाटा मानला, म्हणजे तो मोठ्या मार्गाला काय आणून देतो एवढेंच पाहिलें जातें. ज्या जिल्ह्याचा कापूस पिढ्यान् पिढ्या दूरच्या बाजारांसाठीं पिकला, त्या जिल्ह्याला हा भेद नीट कळणें अगत्याचें आहे.

प्रथम मनांत येते ती कसोटी लांबीची. लांब तो हमरस्ता, आंखूड तो फाटा. पण ही कसोटी पहिल्याच उदाहरणाला फसते. मुंबईंत इ. स. २०१३ मध्यें खुला झालेला पूर्व मुक्तमार्ग दक्षिण मुंबईपासून घाटकोपरपर्यंत जातो. त्याची लांबी सतरा किलोमीटरांच्या आंतच आहे, तरी त्याला कोणी फाटा म्हणत नाहीं. उलट मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाला जालन्याजवळ मिळावा म्हणून नांदेडहून जो द्रुतगति मार्ग आंखण्यांत आला, त्याची लांबी सुमारें १८० किलोमीटर धरली आहे, म्हणजे मुंबईच्या त्या मुक्तमार्गाच्या दहापट. तरी सरकारी कागदांत त्याची ओळख ‘जोडमार्ग’ अशीच आहे.

दुसरी कसोटी नांवाची आणि क्रमांकाची. इ. स. २०१० मध्यें राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले. एक वा दोन आंकड्यांचा क्रमांक मुख्य महामार्गाला आणि तीन आंकड्यांचा त्याच्या शाखेला, असा त्यांतील नियम आहे. शाखेच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आंकडे मूळ महामार्गाचे असतात. या नियमानें नागपूर-हैदराबाद सडक, जी पूर्वीं क्रमांक ७ होती, ती क्रमांक ४४ झाली. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणाऱ्या त्या महामार्गावर वडकी, करंजी, पांढरकवडा हीं जिल्ह्यांतील गांवें आहेत. यवतमाळ शहरांतून जाणाऱ्या सडकेला मात्र क्रमांक मिळाला ३६१. म्हणजे कागदोपत्रीं ती क्रमांक ६१ ची शाखा झाली. हा ६१ वा महामार्ग माळशेज घाट चढून अहिल्यानगर, परभणी, नांदेड या बाजूनें तेलंगणांत उतरतो. यवतमाळ जिल्ह्याला तो शिवतहि नाहीं.

ही ‘शाखा’ आहे तरी केवढी? ती तुळजापूरजवळ सुरू होते. लातूर, नांदेड करीत उमरखेडला जिल्ह्यांत शिरते. महागांव, आर्णी, यवतमाळ, कळंब हीं ठाणीं घेऊन देवळी-वर्ध्याला जाते, आणि बुटीबोरीला क्रमांक ४४ ला मिळते. लांबी पांचशे किलोमीटरांहून अधिक. जिला साडेतीन शक्तिपीठांपैकीं एक असलेलें तुळजापूर एका टोकाला आणि नागपूरचें कारखान्यांचें उपनगर दुसऱ्या टोकाला आहे, तिला केवळ क्रमांकावरून फाटा म्हणणें धाडसाचें होईल. सारांश, क्रमांक हा दप्तराच्या सोयीचा असतो. रस्त्याचा स्वभाव त्यावरून कळत नाहीं.

तिसरी कसोटी बांधणीची, आणि ती अधिक विचार करण्याजोगी आहे. मुक्तमार्ग म्हणजे ज्यावर समपातळीवर आडवा रस्ता येत नाहीं, जाण्यायेण्याचे भाग वेगळे असतात, आणि ठराविक जागींच वाहन आंत येऊं वा बाहेर जाऊं शकतें असा मार्ग. त्या ठराविक जागीं चढावयास वा उतरावयास जो जोडरस्ता असतो, त्याला इंजिनिअर ‘रॅम्प’ म्हणतात. रॅम्प बहुधा एकेरी असतो. समृद्धी महामार्गावर सपाट प्रदेशांत मोटारीला ताशीं १२० किलोमीटरांची मुभा आहे. साध्या सडकेवर येण्यापूर्वीं हा वेग रॅम्पवरच उतरवावा लागतो आणि आंत शिरतांना तेथेंच वाढवावा लागतो. म्हणून रॅम्पचें वळण, चढ आणि लांबी हीं सारीं दोन्हीं टोकांच्या रस्त्यांवरून ठरतात. त्याचें स्वतःचें असें कांहींच नसतें.

येथें खऱ्या भेदाचा धागा हातीं लागतो. रॅम्पवर शिरलेल्या वाहनाला तेथें निवड उरत नाहीं. जेथें तो नेईल तेथें जावें लागतें. उलट मुंबईचा तो आंखूड मुक्तमार्ग घेतला, तर मध्यें वडाळा-चेंबूरच्या बाजूला चढण्याउतरण्याच्या जागा आहेत. कोणी टोकाला चढून मध्यें उतरतो, कोणी मध्यें चढून टोकाला जातो. तेव्हां कसोटी अशी मांडतां येईल: ज्याला स्वतःचा फाटा फुटूं शकतो तो रस्ता, आणि ज्याला फाटा फुटत नाहीं तो केवळ जोड. याच विचाराची दुसरी बाजू अशी कीं, मोठा मार्ग नकाशावरून पुसून टाकला, तर रॅम्पला कांहीं अर्थच राहात नाहीं. रस्त्याला मात्र आपल्या मधल्या गांवांपुरता अर्थ राहतोच.

ही कसोटी यवतमाळच्या जुन्या आगगाडीला लावून पाहण्यासारखी आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अडीच फुटी रुळांचा, सुमारें ११३ किलोमीटरांचा लोहमार्ग १९०३ सालीं सुरू झाला. लोकांनीं पुढें तिला लाडानें ‘शकुंतला’ म्हटलें. मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेज कंपनीची ती मालमत्ता; गाड्या चालवीत असे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतरहि तिची मालकी कंपनीकडेच राहिली. इ. स. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली, नंतर डिझेलवर, आणि २०१० नंतरच्या दशकांत थांबली.

तिचा मूळ हेतु पाहिला तर ती निःसंशय फाटाच होती. वऱ्हाडचा कापूस मुंबई-नागपूर लोहमार्गावर आणून घालावा आणि मुंबई बंदरांतून तो विलायतच्या गिरण्यांकडे जावा, एवढ्याचसाठीं ती बांधली गेली. परंतु जोडाचें पहिलें लक्षण जें न थांबतां पुढें जाणें, तेंच तिच्याजवळ नव्हतें. मूर्तिजापूरला रुळांची रुंदी बदलत असल्यामुळें कापसाच्या गांठी एका गाडींतून उतरवून दुसरींत भराव्या लागत आणि प्रवाशालाहि गाडी बदलावी लागे. शिवाय मध्यें कारंजा, दारव्हा, लाडखेड हीं स्थानकें होतीं. दारव्ह्याचा विद्यार्थी यवतमाळला जाई, खेड्यांतील बाई माहेरीं जाई, शेतकरी बाजाराला जाई. मुंबईशीं त्यांचें कांहीं काम नसे. त्यांच्या दृष्टीनें ती कोणाचा फाटा नव्हती. तीच त्यांची आगगाडी होती.

म्हणजे एकच मार्ग हिशेबनिसाच्या वहींत फाटा आणि वाटेवरल्या माणसाच्या लेखीं हमरस्ता असूं शकतो. वरून पाहणारा टोकें मोजतो. खालचा मनुष्य मधलीं ठाणीं मोजतो. ‘शकुंतला’ बंद झाली तेव्हां मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गाचें फारसें कांहीं अडलें नाहीं. अडलें तें मधल्या गांवांचें, कारण स्वस्त भाड्याचा त्यांचा हमरस्ता गेला.

नव्या मुक्तमार्गांनाहि हीच कसोटी लावली पाहिजे. ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्यानें पुरा होऊन ५ जून २०२५ रोजीं सबंध खुला झाला. यवतमाळ जिल्ह्यांत तो शिरत नाहीं. उत्तरेकडून, वर्धा जिल्हा आणि धामणगांवची बाजू घेऊन, निघून जातो. त्यावर दुचाकीला, तीनचाकीला वा ट्रॅक्टरला मुभा नाहीं. ज्या गांवाजवळ इंटरचेंज नाहीं, त्याच्या शिवारांतून एवढा मोठा रस्ता जाऊनहि तो त्या गांवाचा होत नाहीं. त्या गांवापुरता तो शेंकडों किलोमीटर लांबीचा रॅम्पच म्हटला पाहिजे, कारण मध्यें चढण्यास वा उतरण्यास जागाच नाहीं. वेगाची आणि सुरक्षिततेची ही किंमत कदाचित् योग्यहि असेल. पण ती कोण भरतो हें स्पष्ट दिसलें पाहिजे.

अर्थात् ही कसोटी काटेकोर रेघ ओढून देत नाहीं. मोठ्या शहरांजवळ एका रॅम्पमधून दुसरा रॅम्प फुटतो. तो पहिला रॅम्प तेव्हां रस्ता होऊं लागलेला असतो, एवढेंच म्हणतां येईल. बियाणें आणि रोप यांच्यामधली सीमा जशी एका क्षणावर दाखवितां येत नाहीं, तशीच ही.

असा वाढता मार्ग यवतमाळ जिल्ह्यांतच पाहावयास मिळतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड या सुमारें २८४ किलोमीटरांच्या ब्रॉडगेज लोहमार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं सुरू झाला. त्या दिवशींचा नकाशा पाहणाऱ्याला वर्ध्याहून निघून कळंबला संपणारी एक लहानशी शेपटीच दिसली असती. परंतु देवळीचा मनुष्य जेव्हां मध्येंच गाडींत चढतो आणि कळंबला उतरतो, तेव्हां त्या शेपटीला मार्गपण येतें. पुढें नांदेडपर्यंत रूळ गेले म्हणजे तिची लांबी वाढेल. परंतु तिचें मार्गपण त्या लांबीवर थांबलेलें नाहीं.

म्हणून जेव्हां जेव्हां एखाद्या नव्या मार्गाची घोषणा होते, तेव्हां तो किती किलोमीटरांचा आणि किती मिनिटांचा, हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न हा विचारावा कीं, त्यावर मध्यें कोठें कोठें चढतां येईल आणि कोठें कोठें उतरतां येईल. त्याचें उत्तर नकाशाच्या टोकांवर नसतें. तें आर्णीच्या, दारव्ह्याच्या आणि करंजीच्या फाट्यावर गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसापाशीं असतें.