वर्गाला आधी प्रश्न विचारा

आज पदवी घेणाऱ्या स्नातकांनो,

तुमच्यापैकी बरेच जण येत्या सत्रात एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला उभे राहतील. आपल्याकडे नववीच्या वर्गावर जायला बी.एड. लागतं, बी.एस्सी.च्या वर्गावर जायला नेट किंवा सेट. त्या परीक्षेच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न असतात, पण प्रत्यक्ष शिकवून कुणाला दाखवावं लागत नाही. मग आपल्याला जसं शिकवलं गेलं, तसंच आपण शिकवतो. फळ्याच्या जागी प्रोजेक्टर आला, एवढाच फरक.

या प्रोजेक्टरबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. फळ्यावर सिद्धता लिहिताना शिक्षकाचा हात मुलांच्या वहीच्या वेगाने चालतो. तीच सिद्धता तयार स्लाइडवर आली की क्षणात पुढे सरकते. यात तंत्रज्ञान आलं, शिकणं मात्र कमी झालं.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांचा अनुभव तुम्ही जरूर वाचा. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत. पण जड ट्रक आणि हलकी मोटार आदळली तर कोण कुणावर जास्त बल लावतं, अशा साध्या प्रश्नांवर अडखळत. न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ होता. तरी मनात ट्रकच जिंकत होता. १९९१ पासून माझूर यांनी तास बदलला. आधी असा एक प्रश्न, प्रत्येकाचं स्वतंत्र उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा उत्तर आणि त्यानंतर शिक्षकाचं विवेचन. उत्तरं गोळा करायला पुढे बटणांची यंत्रं आली. पण आज ‘प्लिकर्स’सारख्या सोयीत मुलांच्या हाती फक्त छापील कागद असतो आणि शिक्षक आपल्या एका मोबाइलने सगळ्या वर्गाची उत्तरं टिपतो. निम्म्या मुलांकडे डेटा पॅक संपलेला असतो अशा वर्गाला हे साधन मला फार मोलाचं वाटतं. नुसते हात वर करायला सांगितलं तर मुलं हुशार मुलाकडे बघून हात वर करतात. इथे ती पळवाट राहत नाही.

नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेला ‘फेट’ प्रकल्पही असाच. त्यातली अनेक आभासी प्रात्यक्षिकं मराठीतही आहेत, उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. बल्बमधून गेल्यावर विद्युतधारा ‘खर्च’ होते, असं पदवीच्या वर्गातही अनेकांना वाटतं. प्रात्यक्षिक सुरू करण्याआधी बल्बच्या दोन्ही बाजूंचे आकडे मुलांकडून लिहून घ्या, मग मोजून दाखवा. आधी लिहून घेतलं नाही, तर मुलं नुसती हलती चित्रं पाहतील. कळ कुठली दाबायची हे अर्ध्या तासात येतं. केव्हा दाबायची नाही, हे शिकायला सराव लागतो, आणि मागे बसून पाहणारं कुणी जाणतं माणूस लागतं.

अभ्यासक्रम पुरा कसा होणार, ही तुमची चिंता खरी आहे. माझूर वाचन घरी करून यायला सांगतात. पहाटेची एसटी पकडून येणाऱ्या, संध्याकाळी दुकानात काम करणाऱ्या मुलांकडून ती अपेक्षा रोज ठेवता येणार नाही. म्हणून तासाला एकच प्रश्न घ्या, पण जिथे मुलं हमखास अडतात तिथला घ्या.

कुलगुरू महोदय, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्याला अध्यापनाचं किंवा लेखनाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, प्रयोगशाळा किंवा मूल्यमापनाचं कामही त्याला देता येतं. हे प्रशिक्षण दोन दिवसांच्या कार्यशाळेवर आणि प्रमाणपत्रावर संपू नये, ही माझी कळकळीची विनंती. त्याला खरा वर्ग द्या, साधनं द्या, त्याच्या तासाला एक अनुभवी प्राध्यापक बसवा आणि तास संपल्यावर दोघांना बोलायला वेळ द्या. पुढच्या जूनपासून एका विभागात तरी हे सुरू करता येईल.