घर बंद, टपाल सुरक्षित

(नंदिगड्डे येथील ग्रामस्थांपुढे केलेले भाषण)



रानात विखुरलेल्या आपल्या वाड्यांवर ग्रामीण डाक सेवक टपाल पोहोचवितो. आपण कामानिमित्त गोव्यास गेलो आणि दाराला कुलूप असले, तर सहीचे टपाल काही दिवस टपाल कार्यालयात थांबते व मग पाठविणाऱ्याकडे परत जाते. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ रोजी स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. महत्त्वाचे कागद आता त्याच मार्गाने येतात. एखाद्या मुलाचे नोकरीचे बोलावणे कुलपावरून परतू नये. म्हणून निघण्यापूर्वी पोस्टमास्तरांस सहीचा अर्ज द्यावा: घरपोच वाटप कोणत्या तारखेपर्यंत थांबवावे, अथवा टपाल कोणाच्या हाती द्यावे. ते किती दिवस ठेवता येईल, हेही तेथेच विचारावे. ज्यांस लिहिता येत नाही त्यांना शिक्षकांनी अर्ज लिहून द्यावा, ही नम्र विनंती.