आदेश आणि आधार

(पिपरी मेघे येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



संकटकाळी सामान्य माणूस शासनाला तीनच प्रश्न विचारतो : काय घडले, आता काय करावे आणि अडचण आल्यास कोणाकडे जावे? दिल्ली, मुंबई, जिल्हा कचेरी आणि ग्रामपंचायत यांची उत्तरे जुळली, तर समाज मोठी झळही सोसतो. ती जुळली नाहीत, तर मधली पोकळी अफवा भरून काढते. २०२० च्या कोरोनाकाळाने हे दोन्ही अनुभव दिले.

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १९ मार्च रोजी जनता कर्फ्यू जाहीर केला : दिनांक २२ मार्च, वेळ सकाळी ७ ते रात्री ९. संदेश नेमका होता, तयारीस अवधी होता. देश त्या दिवशी घरात थांबला. २४ मार्चला मात्र रात्री ८ वाजता घोषित झालेली २१ दिवसांची टाळेबंदी मध्यरात्रीच लागू झाली. संसर्गाचा वेग पाहता निकड खरी होती. परंतु किराणा मिळत राहील, हे घरोघरी समजण्याआधीच दुकानांपुढे गर्दी लोटली. आदेश पोहोचला, तपशील मागे राहिला.

त्याची किंमत १४ एप्रिलला दिसली. सकाळी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढली आणि दुपारी वांद्रे स्थानकाबाहेर गावी परतण्याच्या आशेने मजुरांची गर्दी उसळली. गाड्या सुटणार, अशी वार्ता पसरली होती. रेल्वे केंद्राची, निवारा व शिधा राज्याकडे, वस्तीची व्यवस्था महापालिकेची. ‘घरी केव्हा जाता येईल?’ या प्रश्नाला मात्र धनीच नव्हता. त्या रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी हिंदीतून मजुरांना धीर दिला, हे उचितच झाले. पण केंद्र आणि राज्य यांच्यातील दोषारोपही त्याच दिवशी सुरू झाले. पहिली श्रमिक विशेष गाडी सुटली ती १ मे रोजी, तेलंगणातून. तोवर अनेकांनी उन्हातान्हात पायी निघणे पत्करले होते.

पिपरी मेघेची वस्ती वर्धा शहराला खेटून, पण त्या वेळी कारभार ग्रामपंचायतीचा. अशा ठिकाणी शहराचा नियम कुठे संपतो आणि गावाचा कुठे सुरू होतो, हे माणूस दिल्लीला विचारत नाही. सरपंचाला, ग्रामसेवकाला, आशा सेविकेला विचारतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ याने जिल्हा प्राधिकरणात जिल्हाधिकाऱ्यांसोबत जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना सहअध्यक्षपद दिले, त्यामागील मर्म हेच. १५ सप्टेंबर २०२० पासूनच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घोषणा मुंबईची होती, पण दारात ताप मोजणारी माणसे ओळखीची होती.

नेत्याचे भाषण दूरचित्रवाणीवर संपते. त्याची परीक्षा गावच्या चावडीवर सुरू होते. म्हणून घोषणेपूर्वी शेवटच्या पायरीला कळवावे, एका प्रश्नाचे उत्तर एकाच मुखाने द्यावे आणि उत्तर नसेल तर तेही सांगावे. कार्यकर्त्यानेही खातरजमा न केलेला निरोप पुढे धाडू नये. संकटात शब्द हीदेखील शिधासामग्रीच असते. ती भेसळीविना आणि वेळेवरच पोहोचली पाहिजे.