सर्वसेनाच्या मुलुखात आपले स्वागत



पातूर सोडले की घाट लागतो, सागाचे जंगल लागते आणि मग आमचे गाव येते. भुताखेतांच्या जुन्या विनोदी लघुपटांवर जीव असलेली एवढी माणसे त्या वाटेने आली, याने मेडशी हरखून गेली आहे.

1 जुलै 1998 ला वाशीम जिल्हा झाला. त्याआधी आम्ही अकोल्याचे. पण वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. 1939 साली तिथे सापडलेल्या ताम्रपटाने या शाखेवर प्रकाश पडला. अजिंठ्याचे सोळावे लेणे करवणारा वराहदेव याच घराण्यातल्या हरिषेणाचा मंत्री. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले तेही वत्सगुल्मातच! लेणी सगळ्यांना ठाऊक असतात, राजधानी नसते, म्हणून एवढ्या आग्रहाने सांगतो.

या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचे नाव आज आमच्याच मुलांना सांगावे लागते. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य हरवले. आनंदवर्धनासारख्या जाणकारांनी त्याची दखल घेतली, इतरांनी त्यातली पद्ये उदाहरणाला घेतली, म्हणून ते थोडेतरी उरले.

मूकपटांचेही तसेच झाले आहे. ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादू करणाऱ्या दादासाहेब फाळक्यांच्या कितीतरी पटांची रिळे आज नाहीत. म्हणून एकेका दृश्यावर तासभर वाद घालणारे तुम्ही मला आनंदवर्धनाच्या पंगतीतले वाटता. बस्टर कीटनच्या 1921 च्या ‘द हॉन्टेड हाउस’मध्ये जिन्याची घसरगुंडी होते, ते सगळे पाहतात. पण ‘हॉन्टेड स्पूक्स’चे काम चालू असताना, 1919 मध्ये, खोटा समजलेला बॉम्ब फुटून हॅरॉल्ड लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली, काम थांबले आणि बरा झाल्यावर त्याने तो पट पुरा केला, हे तुमच्यासारख्यांनी सांगितले नसते तर आम्हाला कुठून कळणार?

आता व्यवस्थेचे. लॉज नाही, म्हणून शाळेच्या वर्गांत गाद्या घातल्या आहेत. काही पाहुणे गावकऱ्यांच्या घरी आहेत. रात्री गारठा वाटला तर संकोच न करता घोंगडी मागा. वीज गेली तर जनरेटर आहे, पण त्याचा आवाज होईल. मूकपट असल्याने निभेल अशी आशा आहे. पाणी टँकरचे आहे, आंघोळीला कमी पडेल, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो.

मंडपवाल्यांनी भाडे घेतले नाही. किराणा व्यापाऱ्यांनी तेल-साखर दिली, शेतकऱ्यांनी तूरडाळ दिली, बचत गटाच्या बाया पहाटेपासून भाकरी थापत आहेत. शिक्षकांनी सुट्टी सोडली. तरुणांनी पडदा बांधला, दोनदा वाऱ्याने पाडला, तिसऱ्यांदा पुन्हा बांधला. या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

जेवण एक वाजता, झुणका-भाकर आणि ठेचा. ठेचा तिखट आहे, बेताने घ्या. अध्यक्षांना विनंती करतो, त्यांनी संमेलनाचे उद्घाटन करावे.