लपविण्याचे नव्हे, ओळखण्याचे विकार
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्हांस संकोच वाटला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. हयात गेली प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात. वैद्यकाचा अधिकार आमच्यापाशी नाही. परंतु गेली बारा वर्षे मधुमेहाने आमच्या देही बिऱ्हाड थाटले असल्याने या पाहुण्याच्या खोडी आम्हांस परिचित आहेत. डॉक्टरांकडून जे ऐकले व वाचून जे पडताळले, तेवढेच येथे मांडणार आहोत.

आपल्या शरीरात काही ग्रंथी अशा आहेत की त्या आपला रस थेट रक्तात सोडतात. या रसांस संप्रेरके म्हणतात. जठराच्या मागे असलेले स्वादुपिंड इन्सुलिन निर्माण करते. त्याच्या योगे रक्तातील साखर पेशींच्या उपयोगी पडते. गळ्याच्या पुढील बाजूस अवटू ग्रंथी आहे. तिलाच आपण थायरॉईड म्हणतो. अन्नापासून शक्ती किती वेगाने निर्माण व्हावी, याचे नियमन ती करते. या रसांचे प्रमाण अत्यल्प, परंतु ते कमी-अधिक झाले की सारा चयापचय बिघडतो. हा बिघाड ना कोणाच्या स्वभावाचा दोष, ना कुळाचा कलंक. आमच्या आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे.

मधुमेह आपल्या देशास नवा नाही. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाचे वर्णन आहे. नवा आहे तो उपाय. १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन मिळविले आणि जानेवारी १९२२ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. तोपर्यंत बालवयात मधुमेह जडलेले मूल फार काळ जगत नसे. आज तेच मूल शिकते, नोकरी करते, संसार करते. मात्र इन्सुलिन एक दिवसही चुकता कामा नये.

मोठेपणी होणारा मधुमेह निराळा. त्यात इन्सुलिन असते, पण ते पुरेसे कामी येत नाही. हा विकार लठ्ठ व गोडखाऊ माणसांचा, असा आपला समज आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन यूडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण देऊन या समजास धक्का दिला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. परंतु यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबी दडलेली असते ती अशी. म्हणून केवळ वजनाच्या काट्यावर विसंबू नये, कमरेस फीत लावून पाहावी. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक भरल्यास सावध व्हावे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे आणि तेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा विकार वर्षानुवर्षे मुकाट्याने राहतो. तहान, वारंवार लघवी, न भरणारी जखम ही लक्षणे पुष्कळदा उशिराच दिसतात. म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्त तपासून घ्यावे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी ६.५ टक्के किंवा अधिक आली, तर तो मधुमेह समजावा. लक्षणे नसतील तर पुन्हा तपासून खात्री करून घेतात. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल, तर ती पूर्वसूचना होय. या पायरीवर नित्य चालणे, वजन उतरविणे आणि ताटातील भात-पोळी आवरून उसळ-भाजी वाढविणे, एवढ्याने पुष्कळांचा मधुमेह टळतो किंवा लांबणीवर पडतो. आणि भगिनींनो, उपासाच्या साबुदाण्यास पथ्य समजू नका. तो बहुतेक सारा पिष्टच आहे.

आता थायरॉईडविषयी. घरातील सून सकाळी उठवत नाही म्हणते, थकते, जाड होते, तिचे केस गळतात, थंडी सोसत नाही, पाळी बिघडते, आणि घरचे म्हणतात, “आळशी आहे.” यांपैकी कित्येकींची थायरॉईड ग्रंथी मंद झालेली असते. टीएसएच ही रक्ताची साधी चाचणी ते सांगते. उपाय म्हणजे रोज सकाळी अनशापोटी एक छोटी गोळी. चहा-न्याहारी त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात. अहवाल चांगला आला म्हणून आपल्या मनाने गोळी सोडू नये. तो चांगला आला तो गोळीमुळेच. गर्भारपणात तर ही गोळी बहुधा वाढवावी लागते, कारण बाळाच्या मेंदूची वाढ आरंभी आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते.

आता जे सांगण्यासाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो, ते सांगतो. आमच्या चौथीच्या वर्गातील एका मुलीस नवव्या वर्षी मधुमेह झाला. मधल्या सुट्टीत डबा उघडण्यापूर्वी ती मुकाट्याने सुई टोचून घेई. पुढे ती पदवीधर झाली. लग्न ठरताना आईवडिलांनी विकार लपविला. स्थळ मोडेल ही भीती. सासरी ती न्हाणीघरात दार लावून इन्सुलिन घेई. पहिल्या सणास घर पाहुण्यांनी भरले, एकांत मिळेना, दोन दिवस इन्सुलिन चुकले. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, श्वास जोराने चालू लागला. घरच्यांनी पित्त समजून लिंबू-सरबत दिले. संध्याकाळी ती बेशुद्ध झाली. इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागते आणि रक्त आम्लमय होते, त्याचा हा परिणाम. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले, “हिला मधुमेह आहे काय?” सासरचे कोणीच उत्तर देऊ शकले नाहीत. पोर दैवाने वाचली. शुद्धीवर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “अगं, एवढेच ना? सांगायचे होतेस.” आज त्या घरी इन्सुलिनची पेटी फ्रीजमध्ये सासूबाईच सांभाळतात आणि मुलीच्या मांडीवर निरोगी मूल आहे.

सर्वच सासवा अशा असतील असे नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच हे मागणे केवळ मुलीकडच्यांपाशी नाही. याद्या होण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी आपापल्या अपत्याचा विकार स्पष्ट सांगावा, मुलाचाही. आणि ऐकणाऱ्यांनी तेवढ्यावरून स्थळ नाकारू नये. गुण, नाडी व मंगळ यांची आपण बारकाईने चौकशी करतो. रोजच्या औषधाविषयी सांगण्या-ऐकण्याचे धैर्य मात्र दाखवीत नाही, हे योग्य नव्हे.

विकार घरात उघड असला तर प्राणही वाचतात. औषध घेणाऱ्यास घाम फुटला, हात थरथरले, बोलणे असंबद्ध झाले, तर साखर उतरली असे समजून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पाव तासात बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. बेशुद्ध झाल्यास मात्र तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. हे ज्यास ठाऊक आहे, तोच मदत करू शकतो.

मंडळाने वधू-वर मेळाव्याच्या दिवशी रक्ततपासणीचे शिबिर भरवावे आणि अहवाल ज्याचा त्याच्याच हाती द्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे. तसेच ज्ञातीतील ज्या मुलांस नित्य इन्सुलिन घ्यावे लागते व ज्यांच्या पालकांस तो खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती निधीतून काही भाग राखून ठेवावा. पुस्तकांइतकीच ती सुईही त्या मुलांच्या शिक्षणास आवश्यक आहे.